संगीताच्या पायऱ्या बांधणारे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर

ज्युबिलीच्या स्मरणिकेत संतांची, धर्मगुरूंची आणि मंडळीच्या उपकारकर्त्यांची चरित्रे येणे हे रीतीस धरूनच आहे. परंतु ज्यांचे उपकार आपल्या नकळत आपल्यापर्यंत पोहोचले, अशाही काही थोर पुरुषांचे स्मरण अशा प्रसंगी करणे आम्हांस उचित वाटते. रविवारी मिस्सेच्या वेळी गायनवृंदापैकी कोणी पेटीवर बोटे ठेवतो, लहान मुले वहीत लिहिलेल्या सा रे ग म वरून चाल बसवितात आणि चार महिन्यांत एखादे भजन सुरात म्हणू लागतात. यात नवल ते काय, असे आज कोणासही वाटेल. दीडशे वर्षांपूर्वी मात्र सामान्य घरच्या मुलास गाणे शिकावयाचे झाल्यास अशी सोय महाराष्ट्रात जवळजवळ नव्हती. ती ज्यांनी करून दिली, त्यांत पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ते आमच्या धर्माचे नव्हते. रामभक्त हिंदू होते. तथापि त्यांनी बांधलेल्या जिन्यावरून सर्व धर्मांची मुले चढत आली आहेत, म्हणून त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

विष्णुबुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावरील नरसोबाच्या वाडीपासून हे गाव अगदी जवळ असून ती त्या काळी पटवर्धनांच्या एका संस्थानाची राजधानी होती. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार. त्यामुळे सूर, ताल आणि कथा ही तिन्ही मुलाच्या कानावर पाळण्यापासूनच पडत होती. मुलगा हुशार होता, शाळेत जात होता, आणि चार बुके शिकून तो कोठेतरी बऱ्या हुद्द्यावर लागेल, अशी घरच्यांची अपेक्षा असावी हे साहजिकच आहे.

पण बाळपणीच मोठा घाला आला. एका उत्सवाच्या वेळी शोभेची दारू उडविली जात असता फटाका तोंडावर उडाला आणि दोन्ही डोळ्यांस जबर इजा झाली. औषधोपचार पुष्कळ झाले, परंतु दृष्टी बहुतांशी गेली ती गेलीच. शाळेचे पुस्तक मिटले. आईबापांचे काळीज त्या वेळी कसे झाले असेल, हे ज्यांच्या घरी अपंग लेकरू आहे त्यांस सांगावयास नको. ज्याला अक्षर दिसत नाही त्याने जगात काय करावे, असा प्रश्न त्या काळी पडला म्हणजे उत्तर एकच असे: कानांवर आणि कंठावर विसंबावे. त्याप्रमाणे या मुलास गाणे शिकवावे असे ठरले आणि त्यास मिरजेस पाठविण्यात आले.

मिरज हे त्या वेळी संगीताचे मोठे ठाणे होते. तेथील तंबोरे व सतारी यांची कीर्ती सर्वत्र होती. मिरजेच्या पटवर्धन अधिपतींच्या आश्रयास गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. बाळकृष्णबुवांनी तरुणपणी विद्येसाठी उत्तरेकडे अपार कष्टाचा प्रवास केला होता आणि वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी राहून ग्वाल्हेरची गायकी संपादन केली होती. ती गायकी महाराष्ट्रात आणून रुजविण्याचे श्रेय त्यांच्याकडेच जाते. अशा गुरूच्या पायांशी विष्णु बसला आणि १८९६ सालापर्यंत त्याने तेथे मेहनत केली. पहाटे उठावे, तंबोरा लावावा, एकाच स्वरावर गळा स्थिर करावा, मग पलटे घोटावे, मग चीज, असा क्रम वर्षांमागून वर्षे चालला.

या तालमीची रीत काय होती, हे येथे सांगणे अवश्य आहे. कारण पुढील सर्व कार्याचे मूळ तीत आहे. विद्या तोंडीच दिली जाई. गुरूने म्हणावे आणि शिष्याने तसेच्या तसे म्हणावे. लिहून घेण्याची सोय नाही, पुस्तक नाही, अमुक महिन्यांत अमुक इतके येईल असा हिशेब नाही. गुरूच्या घरी राहून सेवा करावी आणि त्यांची मर्जी होईल तेव्हा एखादी चीज पदरात पडावी. काही गवई तर आपल्या घराण्याची चीज परक्याच्या कानी जाऊ नये म्हणून जपत असत. या रीतीतून थोर गवई निपजले, हे नाकारता येत नाही. पण ज्याला गवई व्हावयाचे नाही, नुसते चार भजने नीट म्हणावयाची आहेत, त्याला या वाड्यात शिरण्यास दारच नव्हते. दुसरे असे की, गवयाची विद्या लोकांस हवी असे, पण गवई नको असे. सभ्य घरांत त्याचा दर्जा आश्रिताचा. मिरजेस एका समारंभाचे आमंत्रण विष्णुबुवांस मिळाले, परंतु त्यांच्या गुरूंस केवळ ते गवई म्हणून मिळाले नाही, अशी हकीकत सांगतात. ही गोष्ट शिष्याच्या जिव्हारी लागली आणि संगीतास व संगीतकारास समाजात मानाची जागा मिळवून द्यावयाची, असा निश्चय त्यांनी केला.

१८९६ साली विष्णुबुवांनी मिरज सोडली. जवळ द्रव्य नाही, दृष्टी नाही; होता तो गळा आणि निश्चय. सातारा, बडोदे, काठेवाड अशी त्यांची भ्रमंती झाली. राजेरजवाड्यांकडे गाणे झाले म्हणजे बिदागी मिळे, पण तेवढ्याने त्यांचे समाधान होईना. काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. आज ही गोष्ट अगदी साधी वाटते. त्या काळी मात्र गाणे ऐकावयाचे तर दरबारचे किंवा धनिकाच्या दिवाणखान्याचे आमंत्रण लागे. ज्याच्या हाती चार आणे आहेत तो कोणीही येऊन बसू शकतो, ही कल्पनाच नवी होती. तेथून ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असे मुक्काम करीत ते पंजाबात गेले. मथुरेस त्यांनी हिंदी भाषा व जुन्या पदांचा परिचय करून घेतला. अखेर ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. कोणा राजाच्या खजिन्यावर न विसंबता लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर चालणारी ही संगीताची शाळा होती.

शाळा निघाली, पण विद्यार्थी कोठे होते? प्रारंभीचे काही दिवस कोणी फिरकलेच नाही, असे सांगतात. विष्णुबुवा मात्र ठरल्या वेळी वर्गात जाऊन तंबोरा घेऊन बसत आणि वेळ संपेपर्यंत स्वतःच मेहनत करीत. हळूहळू एक आला, दोन आले, पुढे वर्ग भरू लागले. परक्या प्रांतात, परक्या भाषेत, ओळखदेख नसता रिकाम्या खोलीत रोज वेळेवर जाऊन बसणे यास केवढे धैर्य लागते! नियम मोडला नाही एवढेच त्यांनी केले, आणि त्या एवढ्यातच सर्व आले.

आता त्यांच्या शिकविण्याच्या पद्धतीकडे वळू. विष्णुबुवांनी पाहिले की, संगीताचा डोंगर एका उडीत चढता येत नाही. म्हणून त्यांनी त्यास पायऱ्या पाडल्या. प्रथम एक स्वर स्थिर करावा. मग सा रे ग म प ध नी हे सात शुद्ध स्वर चढते व उतरते म्हणावे. ते बसले म्हणजे सोपे अलंकार, सा रे ग, रे ग म, ग म प याप्रमाणे. मग टाळी देऊन मात्रा मोजावयास शिकावे. त्यानंतर चार कोमल आणि एक तीव्र असे पाच स्वर ओळखावे. मग लहानशी सरगम, मग सोपी चीज, मग आलाप व ताना. एक पायरी पक्की झाल्यावाचून दुसरीवर पाऊल टाकावयाचे नाही, पण प्रत्येक पायरी इतकी लहान की, साधारण बुद्धीच्या मुलासही ती चढता यावी.

हे साधावयास लेखनाची गरज होती. म्हणून त्यांनी स्वरलिपी सिद्ध केली. अक्षराच्या वर बिंदू दिला म्हणजे स्वर मंद्र सप्तकातला, उभी रेघ दिली म्हणजे तार सप्तकातला. स्वराखालच्या खुणेवरून तो एक मात्रा टिकावयाचा की अर्धी की पाव, हे कळावे. या लिपीत त्यांनी लहान लहान पाठ्यपुस्तके रचली व छापली. १९०५ च्या सुमारास एक मासिकही काढले. ज्याला छापील अक्षर वाचणे दुर्घट त्याने इतरांसाठी संगीताची पुस्तके छापवावी, याहून मोठा दैवयोग कोणता? स्वतःच्या अंधारातून त्यांनी इतरांस दिवा लावून दिला. त्याच काळात मुंबईचे पंडित विष्णु नारायण भातखंडे हेही निराळ्या मार्गाने याच कामास लागले होते. त्यांची स्वरलिपी वेगळी, पण चिजा क्रमाक्रमाने देणारी त्यांची पुस्तकमालिका याच हेतूची होती. या दोन विष्णूंमुळे संगीत वहीत उतरले.

क्रमाने शिकण्याची ही युक्ती पश्चिमेसही निराळ्या काळी सुचली होती, हे आमच्या वाचकांस जाणून आनंद होईल. अकराव्या शतकात इटलीतील अरेत्सो येथे ग्वीदो नावाचे बेनेडिक्टाइन मठवासी होते. मठातील मुलांस स्तोत्रे पाठ करण्यास वर्षानुवर्षे लागतात हे पाहून त्यांनी रेघांवर स्वर लिहिण्याची पद्धत सुधारली, आणि संत योहान बाप्तिस्ता यांच्या एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींच्या आद्याक्षरांवरून स्वरांस नावे दिली. गोव्यातील चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले जे सोलफा शिकली, त्याचे मूळ तेच. पुढे पियानोच्या बाबतीत व्हिएन्नाचे कार्ल चेर्नी (१७९१–१८५७) यांनी असेच केले. ते बीथोव्हेनचे शिष्य आणि लिस्टचे गुरू. नवशिक्याच्या पाच बोटांपासून निष्णात वादकापर्यंत चढत जाणारे शेकडो लहान पाठ त्यांनी लिहिले, आणि आजही जगभर मुलांची बोटे त्यांवर तयार होतात. मठातील ग्वीदो, व्हिएन्नाचे चेर्नी आणि कुरुंदवाडचे विष्णुबुवा यांची गाठ कधी पडणे शक्य नव्हते, परंतु तिघांनी एकच ओळखले: मुलाच्या अंगी बुद्धी थोडी नसते, त्याच्यापुढे ठेवलेला घास मोठा असतो.

लाहोरच्या शाळेत गायनाबरोबर पेटी, तबला, सतार अशी वाद्येही शिकविली जात. स्त्रियांसाठी वेगळी सोय करण्यात आली. शिवाय ज्यांस पुढे हाच व्यवसाय करावयाचा अशा मुलांसाठी उपदेशक वर्ग असे. ती मुले शाळेतच राहत. त्यांचे जेवणखाण, कपडे व शिक्षण यांचा भार शाळा वाही आणि त्यांनी ठरलेली वर्षे शाळेच्या कामात घालवावी, असा करार असे. शिस्त कडक होती. गवई म्हणजे व्यसनी, असा जो समज होता तो खोटा पाडावयाचा, म्हणून विद्यार्थ्याच्या वर्तनाकडे त्यांचे फार लक्ष असे.

१९०८ साली त्यांनी मुंबईस महाविद्यालय उघडले आणि पुढे कार्याचा मध्य तेथेच आला. विद्यार्थी वाढले, जागा अपुरी पडू लागली, तेव्हा शाळेसाठी स्वतंत्र इमारत उभारण्याचे त्यांनी मनावर घेतले. त्यासाठी मोठे कर्ज झाले. ते फेडण्यासाठी बुवा गावोगाव जलसे करीत हिंडत राहिले. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत त्यांचे गायन होई, तुलसीदास, सूरदास, मीराबाई यांची पदे त्यांनी हजारो लोकांच्या तोंडी बसविली. पण व्याजाचा डोंगर ओसरेना. अखेर १९२४ च्या सुमारास इमारत सावकारांच्या देण्यापायी लिलावात गेली. ज्या वास्तूसाठी गळ्याचे रक्त केले ती डोळ्यांदेखत दुसऱ्याची झाली, आणि ते डोळेही मंद!

घरचे दुःख याहून दारुण होते. त्यांस बारा अपत्ये झाली, त्यांपैकी अकरा लहानपणीच गेली. १९२१ साली जन्मलेला दत्तात्रेय तेवढा वाचला. अशा आघातांनी दुसरा कोणी मनुष्य कडवट झाला असता. विष्णुबुवा मात्र अधिकच ईश्वराकडे वळले. त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली, नाशिक येथे रामनाम आधार आश्रम काढला आणि तुलसीरामायणावर गायनयुक्त प्रवचने करीत आयुष्य कंठिले. शिष्यांस विद्या देणे मात्र सुटले नाही. शेवटी प्रकृती ढासळली, अर्धांगवायूचा झटका आला, आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी, जेथे विद्येचा प्रारंभ केला त्या मिरजेतच त्यांनी देह ठेवला. वय एकोणसाठ वर्षांचे होते. दत्तात्रेय तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता. पुढे पित्याच्याच शिष्यांनी त्यास घडविले आणि द. वि. पलुस्कर या नावाने तो मोठ्या योग्यतेचा गायक झाला. परंतु १९५५ साली ऐन तारुण्यात त्याचेही निधन झाले.

इमारत गेली, संस्थापक गेले. आता शाळा संपली असेच कोणीही म्हटले असते. घडले ते उलट. त्यांच्या शिष्यांनी १९३१ सालीच गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले आणि गुरूंच्या क्रमशिक्षणास परीक्षांचे रूप दिले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही नावे आज महाराष्ट्रातील असंख्य घरांत परिचित आहेत. त्या परीक्षांस बसणारी मुले सोलापुरातही थोडी नाहीत. विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले आणि सात भागांचा रागविज्ञान हा ग्रंथ लिहिला. ओंकारनाथ ठाकूर काशीच्या हिंदु विश्वविद्यालयात संगीताचे आचार्य झाले. नारायणराव व्यास यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी गेल्या. बा. र. देवधर यांनी १९२५ साली मुंबईस संगीताची शाळा काढली. त्यांनी पाश्चात्य संगीताचाही अभ्यास केला होता. विष्णुबुवांनी दगडाची इमारत गमावली, पण माणसांची इमारत उभी करून ठेवली होती.

या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले, ते सांगावयास हरकत नाही. पुस्तकी शिक्षणाने तानसेन निपजत नाहीत, वर्गात वीस मुलांना एकदम शिकविल्याने गायकीची सूक्ष्म लकब हाती लागत नाही, असे जाणते म्हणत आले आहेत. यात तथ्य आहे. स्वराचे वळण कागदावर पूर्ण उतरत नाही आणि गुरुमुखावाचून खरा गवई होत नाही. विष्णुबुवा स्वतः गुरुगृहीच घडले होते, त्यांस हे ठाऊक नव्हते असे नाही. पण प्रत्येकाने तानसेनच व्हावे असा त्यांचा आग्रह नव्हता. सुजाण श्रोते, नेटके भजन म्हणणारी माणसे आणि प्रामाणिक शिक्षक गावोगाव निर्माण झाले, तर थोर गवयासही आधार मिळतो, अशी त्यांची दृष्टी होती. जेथे ऐकणारा कान नाही तेथे गाणारा कंठ कोणासाठी?

या चरित्रातून आपल्या मुलांनी काय घ्यावे? आमच्या सोलापुरात मागाची खटखट ऐकत पिढ्या वाढल्या. विणकर एकदम चादर विणत नाही. ताणा लावतो, एक धोटा टाकतो, मग दुसरा, आणि सायंकाळपर्यंत चादर हातभर पुढे सरकलेली असते. पेटी किंवा पियानो शिकणे याहून निराळे नाही. पियानोच्या ८८ पट्ट्या पाहून मूल भांबावते. परंतु त्या मुळात बाराच, सात पांढऱ्या व पाच काळ्या. त्याच पुन्हा पुन्हा आल्या आहेत. त्या बारा म्हणजेच आपले सात शुद्ध, चार कोमल व एक तीव्र स्वर. आरंभी त्यांतील पाचच घ्याव्या आणि पाच बोटे त्यांवर ठेवावी. आधी उजवा हात, तो बसला म्हणजे डावा, आणि दोन्ही वेगळे बसल्यावर मग एकत्र. संपूर्ण गीत वाजविण्याची घाई न करता पहिली ओळ घ्यावी. तीही जड वाटल्यास तिचे दोन तुकडे करावे. लय इतकी सावकाश ठेवावी की, चूक होऊच नये. कारण बोट जे दहादा करते तेच शिकते, चूक असो वा बरोबर. अडलेली जागा तेवढी वेगळी काढून घोटावी आणि मग मागच्यापुढच्या स्वरांस जोडावी. रोज पंधरा मिनिटे बसणाऱ्याची प्रगती रविवारी दोन तास बसणाऱ्याहून अधिक होते.

आईबापांसही आमची एक विनंती आहे. मुलाने आठ दिवसांत सबंध गीत वाजवावे अशी अपेक्षा धरू नये, आणि शेजारच्या मुलाशी त्याची तुलना करू नये. आज सात स्वर सरळ वाजले, तर त्याचे कौतुक करावे. उद्याच्या पायरीचे बळ त्याला त्यातून मिळते. घरी पेटी नसली तरी अडत नाही. टाळी देऊन मात्रा मोजणे, स्वर ओळखणे आणि गुणगुणणे यांस पैसा लागत नाही. विष्णुबुवांपाशी आरंभी याहून अधिक काय होते?

सोन्याच्या सिंहासनावर बसलेल्या कलेस त्यांनी सामान्यांच्या अंगणात आणले, आणि ते करिताना स्वतःचे सर्वस्व वेचले. आपल्या गायनवृंदात जे जे मूल यापुढे भीत भीत पहिला सा लावील, त्याच्या पाठीशी कुरुंदवाडच्या त्या मंददृष्टी ब्राह्मणाचे श्रम उभे आहेत, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे. देवाच्या स्तवनासाठी लागणारा प्रत्येक सूर कोणीतरी कष्टाने शिकलेला व कोणीतरी प्रेमाने शिकविलेला असतो. ज्युबिलीच्या या शुभ वर्षी आपल्या मंडळीतील एका तरी मुलास ही पहिली पायरी दाखविण्याचे काम कोणी हाती घेतले, तर हे चरित्र लिहिण्याचे आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.